दाताचं इम्प्लांट: हाडात काय घडतं आणि चार-सहा महिने कशाला लागतात

द्राक्षबागेत डॉगरिज जातीचं खुंट फेब्रुवारी-मार्चात लावतात आणि त्यावर थॉमसन या द्राक्षाचं कलम करतात ते पावसाळा सरत आल्यावर. मधले पाच-सहा महिने खुंट फक्त मुळं धरत असतं. नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी-निफाडच्या बागायतदाराला हे समजावून सांगावं लागत नाही. पडलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट बसवताना क्रम हाच असतो: आधी हाडात खुंट, मग थांबणं, मग त्यावर दात. हे थांबणं लोकांना सगळ्यात जास्त खुपतं आणि ते टाळायला गेल्यावर सगळ्यात जास्त नुकसानही होतं. म्हणून त्या थांबण्याच्या काळात आत काय चालतं ते आधी पाहू.

इम्प्लांट म्हणजे दात नव्हे. ते दाताचं मूळ आहे. टायटॅनियमचा एक आट्यांचा स्क्रू, साधारण 3.5 ते 5 मिलिमीटर जाड आणि 8 ते 13 मिलिमीटर लांब, हाडात पूर्ण बुडालेला. त्याच्या पोटात आणखी बारीक आटे असतात. त्यात अबटमेंट नावाचा खांब बसतो, तो हिरडीतून वर येतो आणि त्या खांबावर कॅप चढते. तोंडात दिसते ती फक्त कॅप. खांब आणि स्क्रू यांना जोडणारा एक छोटा बोल्ट असतो, जेमतेम 2 मिलिमीटर जाडीचा. पुढे काही वर्षांनी कॅप हलायला लागली तर बहुतेक वेळा दोषी हा बोल्ट असतो, इम्प्लांट नव्हे. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण "इम्प्लांट हलतंय" म्हणून घाबरून आलेल्या माणसाचं काम कधी कधी बोल्ट पुन्हा आवळून पंधरा मिनिटांत होतं.

टायटॅनियमच का? 1952 मध्ये स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी हाडात बसवलेली टायटॅनियमची नळी प्रयोग संपल्यावर निघेना. हाड धातूला चिकटून वाढलं होतं. 1965 मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. टायटॅनियमला हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो. शरीर त्या थराला परकं समजून बाहेर ढकलत नाही, आणि हाडाच्या पेशी त्यावर सरळ नवं हाड रचतात. आजच्या बहुतेक इम्प्लांटचा पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत केलेला असतो. आधी बारीक कणांचा मारा करतात, मग आम्लाने कोरतात. गुळगुळीत भिंतीपेक्षा टाचे मारलेल्या भिंतीवर गिलावा जसा पक्का धरतो, तसंच.

तिसरा-चौथा आठवडा

इम्प्लांट बसवल्याच्या दिवशी ते घट्ट असतं, कारण आटे हाडात रुतलेले असतात. लाकडात स्क्रू पिळल्यावर तो घट्ट बसतो, तशीच ही पकड. पण हाड जिवंत असतं. ड्रिलने दुखावलेला, दाबलेला हाडाचा थर शरीर हळूहळू खरवडून काढतं आणि मगच त्या जागी नवं हाड घालतं. म्हणजे जुनी पकड सुटत जाते आणि नवी अजून आलेली नसते. साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकूण पकड सर्वात कमी असते.

आणि नेमकं तेव्हाच माणसाला सगळं ठीक वाटू लागतं. सूज गेलेली, टाके निघालेले, दुखणं नाही. मग कडक भाकरी, चिवडा, फुटाणे त्या बाजूला जातात. या काळात इम्प्लांट हाडात 100 ते 150 मायक्रॉनपेक्षा जास्त हललं, म्हणजे केसाच्या जाडीहून थोडंसं जास्त, तर त्याच्याभोवती हाडाऐवजी तंतूंचा मऊ थर तयार होतो. तो थर एकदा झाला की त्याचं हाड होत नाही. इम्प्लांट काढावंच लागतं. दुखत नाही म्हणून जुळलं, असं इथे धरता येत नाही.

खालच्या जबड्याचं हाड घट्ट असतं, त्यामुळे तिथे साधारण तीन महिने पुरतात. वरच्या जबड्याचं, त्यातही मागच्या दाढांकडचं हाड स्पंजासारखं पोकळ असतं. तिथे चार ते सहा महिने धरावेत. कमी पडलेलं हाड पूड भरून वाढवलं असेल तर त्याहून जास्त.

द्राक्षबाग असणाऱ्यांनी वेळ ठरवताना आपलं वेळापत्रक डॉक्टरांना आधीच सांगावं. एप्रिलची खरड छाटणी उरकली की मे महिन्यात स्क्रू बसवायचा आणि ऑक्टोबर छाटणीच्या आधी सप्टेंबरात कॅप, हे खालच्या दाढेसाठी छान जमतं. माल काढणीच्या धांदलीत शस्त्रक्रिया ठरवली की दुसऱ्या दिवशी बागेत उन्हात उभं राहणं टळत नाही, जेवण वेळेवर होत नाही आणि तपासणीची तारीख हुकते. सुरगाणा-पेठकडून येणाऱ्यांनी एकूण पाच-सहा फेऱ्या धरून चालावं.

दात काढल्यावर हाडाचं काय होतं

दाताभोवतीचं हाड दातासाठीच असतं. दात गेला की शरीर ते परत घेऊ लागतं. पहिल्या वर्षात त्या जागेची रुंदी साधारण निम्म्याने कमी होते आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. म्हणून दहा वर्षांपूर्वी काढलेल्या दाढेच्या जागी इम्प्लांट मागायला गेल्यावर "हाड कमी आहे" हे ऐकावं लागतं. दात काढायची वेळ आली आणि पुढे इम्प्लांटचा विचार असेल, तर ते दात काढण्याच्या आधीच सांगा. मग डॉक्टर दात उपटण्याऐवजी मुळं वेगळी करून, हाडाची बाहेरची पातळ भिंत सांभाळून काढतात. गरज वाटल्यास त्याच दिवशी खळग्यात हाडाची पूड भरतात. ही अर्ध्या तासाची काळजी पुढची मोठी शस्त्रक्रिया वाचवू शकते.

वरच्या दाढांची अडचण वेगळी आहे. त्यांच्या वर, गालामागे वरच्या जबड्याच्या हाडात सायनस नावाची हवेची पोकळी असते. दाढ गेली की हाड खालून झिजतं आणि सायनस वरून उतरतो. मधे 4-5 मिलिमीटरच हाड उरलं तर 10 मिलिमीटरचा स्क्रू कुठे बसणार? तेव्हा सायनसचं अस्तर हलकेच वर उचलून खाली हाडाची पूड भरतात. याला सायनस लिफ्ट म्हणतात. ते झाल्यावर दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही आणि शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यायची. नाक दाबून दिलेल्या शिंकेच्या दाबाने ते अस्तर फाटू शकतं.

इम्प्लांट हवंच का

प्रत्येक रिकाम्या जागेला इम्प्लांट लागतंच असं नाही. शेजारच्या दोन्ही दातांवर आधीच कॅप असतील किंवा ते इतके किडलेले असतील की कॅप लागणारच आहे, तर ब्रिज, म्हणजे शेजारच्या दोन दातांवर कॅप चढवून त्यांच्या आधाराने मधे बसवलेला दात, हा सरळ, स्वस्त आणि आठवड्या-दोन आठवड्यांत होणारा उपाय आहे. पण शेजारचे दात धडधाकट असतील तर ब्रिजसाठी ते चारही बाजूंनी घासणं म्हणजे एका दातापायी दोन चांगले दात पणाला लावणं. तिथे इम्प्लांटच योग्य. अगदी शेवटची दाढ गेली असेल आणि तिच्यासमोरची दाढही नसेल, तर काहीच न करणं हाही रास्त निर्णय असतो.

सगळे दात गेलेल्यांची गोष्ट निराळी. वरची कवळी टाळूला चिकटून बरी राहते, खालची मात्र जीभ हलली की उचलते. कितीतरी आजी-आजोबा ती फक्त लग्नकार्यात घालतात आणि एरवी डब्यात ठेवतात. खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला फक्त दोन इम्प्लांट बसवून त्यावर टिचबटणासारखी कवळी अडकवता येते. तोंडभर इम्प्लांट बसवण्याच्या मानाने हा खर्च फार कमी, आणि भाकरी चावता येऊ लागते. हा पर्याय पुरेसा सांगितला जात नाही. वयस्कर माणसाच्या घरच्यांनी तो आपणहून विचारावा.

"तीन दिवसांत पक्के दात" अशा जाहिरातींबद्दलही. हाड घट्ट असेल, चार किंवा जास्त इम्प्लांट एकमेकांना एकाच कडक पट्टीने जोडले असतील, तर लगेच तात्पुरते दात बसवता येतात, कारण पट्टीमुळे एकटं इम्प्लांट हलत नाही. पण तेव्हाही काही महिने मऊच खायचं असतं आणि हाडाला लागणारा वेळ तेवढाच लागतो. वरच्या पोकळ हाडातल्या एकट्या दाढेला तीन दिवसांत कॅप देऊ म्हणणाऱ्याकडून तसं का चालेल हे नीट समजून घेतल्याशिवाय खुर्चीत बसू नका.

शस्त्रक्रियेच्या आधी आणि त्या दिवशी

साध्या एक्स-रेत हाडाची उंची कळते, जाडी कळत नाही. त्यासाठी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन लागतो. त्यात डॉक्टर तीन अंतरं मोजतात: शेजारच्या दाताच्या मुळापासून निदान 1.5 मिलिमीटर, दोन इम्प्लांटमध्ये निदान 3 मिलिमीटर आणि खालच्या जबड्यातल्या नसेपासून निदान 2 मिलिमीटर. ही नस खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. खालच्या दाढेचं इम्प्लांट सीबीसीटीशिवाय ठरवलं जात असेल तर थांबून विचारावं.

रक्ताच्या तपासण्यांत मधुमेहींसाठी एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, महत्त्वाचा. 7 टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. 8 च्या वर असेल तर आधी साखर आटोक्यात, मग इम्प्लांट. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. बऱ्याचदा एका दाताच्या कामासाठी ती बंद करावीच लागत नाही. हाडं ठिसूळ झाल्याबद्दल अलेंड्रोनेटच्या गोळ्या किंवा झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन घेतलं असेल, भले वर्षातून एकदाच, तर ते न विसरता सांगा. या औषधांनी हाडाची दुरुस्ती मंदावते आणि जबड्याची जखम क्वचित भरतच नाही. घरच्यांना हे इंजेक्शन "कॅल्शियमचं" म्हणून लक्षात असतं. म्हणून जुनी फाइल सोबत न्या.

वाढत्या वयात इम्प्लांट बसवत नाहीत. जबडा वाढत राहतो, इम्प्लांट जागचं हलत नाही, आणि काही वर्षांत तो दात शेजाऱ्यांपेक्षा बुटका दिसू लागतो. मुलींमध्ये साधारण 18 आणि मुलांमध्ये 20-21 वर्षांपर्यंत थांबतात.

तंबाखू आणि मिश्रीबद्दल आडपडदा न ठेवता लिहायला हवं. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट असतं. निकोटीनने हिरडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि जिथे रक्त कमी तिथे हाड धरत नाही. मिश्री तर थेट जखमेवरच घासली जाते. अनेक बायका विचारल्यावर "तंबाखू नाही" म्हणतात, कारण मिश्रीला त्या तंबाखू मानतच नाहीत. आईला, सासूबाईंना घेऊन जाणाऱ्यांनी हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. निदान आधी एक आठवडा आणि नंतर दोन महिने पूर्ण बंद. कायमची सुटली तर सोन्याहून पिवळं.

शस्त्रक्रिया म्हटली की धडकी भरते, पण एका इम्प्लांटला दात काढण्याइतकीच भूल लागते आणि बहुतेकांना दात काढण्यापेक्षा हे सोपं वाटतं. हिरडीला छोटी चीर देऊन आधी 2 मिलिमीटरच्या ड्रिलने खोली आणि दिशा ठरवतात, मग एकेक पायरी जाड ड्रिल वापरत भोक रुंद करतात. एकदम जाड ड्रिल घालत नाहीत, कारण घर्षणाने हाड तापतं. हाड 47 अंश सेल्सियसला एक मिनिट राहिलं तरी तिथल्या पेशी मरू लागतात. म्हणूनच ड्रिल चालू असताना सलाइनची धार सुरू असते. बोथट ड्रिल आणि कमी पाणी हे सुरुवातीच्याच महिन्यांत इम्प्लांट निघून येण्याचं एक न दिसणारं कारण असतं. शेवटी स्क्रू अगदी सावकाश, मिनिटाला 20-30 फेऱ्यांच्या वेगाने आत जातो आणि किती जोराने बसला ते टॉर्क रेंचवर वाचतात. साधारण 35 न्यूटन-सेंटिमीटर चांगलं मानतात. फार कमी असेल तर हिरडी वरून पूर्ण शिवून टाकतात, म्हणजे स्क्रूला कशाचा धक्का लागू नये. ठीक असेल तर वर हीलिंग कॅप नावाचं छोटं झाकण लावतात.

पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ, पिचकारी मारून थुंकायचं नाही, स्ट्रॉने प्यायचं नाही. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असते, मग उतरते. तिसऱ्या दिवसानंतर वाढली तर फोन करा. वरण-भात, मुगाची खिचडी, नाचणीची आंबील हे कोमट करून. मिसळ दोन आठवडे विसरा. तिखटापेक्षा तिच्यातल्या शेव-फरसाणाचे कण टाक्यांत अडकतात हा त्रास मोठा. दुसऱ्या दिवसापासून क्लोरहेक्सिडिनने दिवसातून दोनदा हलक्या चुळा, एक ते दोन आठवडे. त्याहून जास्त दिवस वापरलं की दातांवर तपकिरी डाग पडतात.

एक गोष्ट मात्र घड्याळ लावून पाहा. भूल चार-पाच तासांत उतरायला हवी. दुसऱ्या दिवशी सकाळीही खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर असेल तर "उतरेल हळूहळू" म्हणून थांबू नका. स्क्रू नसेवर दाबत असेल तर तो पहिल्या दीड दिवसात मागे घेण्याने किंवा काढण्याने नस वाचण्याची शक्यता बरीच असते. आठवड्याने ती फारशी उरत नाही.

कॅप आणि चावा

हाड जुळल्यावर माप घेतात, पेस्टने किंवा कॅमेऱ्याने, आणि लॅबमधून कॅप येते. कॅप दोन प्रकारे बसते: सिमेंटने चिकटवून किंवा बोल्टने आवळून. सिमेंटच्या कॅपमध्ये जादा सिमेंटचा कण हिरडीखाली राहून गेला तर काही महिन्यांत किंवा वर्षांत तिथे पू होऊ शकतो. बोल्टची कॅप गरज पडली की काढता येते. तिच्या वरच्या भोकात टेफ्लॉनची पट्टी आणि त्यावर दाताच्या रंगाचं फिलिंग असतं. जमत असेल तिथे मागच्या दातांना बोल्टची कॅप घ्यावी, असं आमचं मत. बोल्ट एकदा आवळून दहा मिनिटांनी पुन्हा त्याच जोराने आवळतात, कारण धातूचे आटे एकमेकांत बसताना पहिला ताण थोडा सैल होतो. ही दहा मिनिटं वाचवली तर कॅप पुढे हलू लागण्याचा धोका वाढतो.

खऱ्या दाताच्या मुळाभोवती तंतूंची गादी असते, त्यामुळे चावताना तो किंचित दबतो आणि किती जोर लागला ते मेंदूला कळवतो. इम्प्लांटला ही गादी नाही. म्हणून हलकं चावल्यावर त्या कॅपमधून अगदी पातळ पन्नी निसटायला हवी आणि जोराने चावल्यावर अडकायला हवी. कॅप बसवल्यावर "थोडी उंच वाटतेय" असं जाणवलं तर संकोच न करता सांगा. खऱ्या दाताची उंची सवयीने जुळते, इम्प्लांटची जुळत नाही. रात्री दात खाण्याची सवय असेल तर नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर घालायचं आवरण, लागतो.

बिल आणि कार्ड

"एका दाताचे किती?" या प्रश्नाच्या उत्तरात बहुधा फक्त स्क्रू असतो. अबटमेंट, कॅप, स्कॅन, हाडाची पूड धरून एकूण आकडा लेखी मागा, आणि इम्प्लांट धरलं नाही तर दुसऱ्या वेळचा खर्च कोणाचा हेही. बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी अपघाताखेरीज दातांचा खर्च देत नाहीत. नाशिकच्या पंचवटीतल्या दंत महाविद्यालयासारख्या शिकवणाऱ्या रुग्णालयांत शिक्षकांच्या देखरेखीखाली काम होतं. अशा ठिकाणी फेऱ्या जास्त होतात, पण खर्च खासगी दवाखान्यापेक्षा साधारणपणे कमी येतो.

प्रत्येक इम्प्लांटच्या डबीवर कंपनी, जाडी, लांबी आणि लॉट नंबर लिहिलेलं स्टिकर असतं. ते कार्डावर चिकटवून मागून घ्या आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. प्रत्येक कंपनीचे आटे आणि पाने वेगळे असतात. दहा वर्षांनी पुण्याला किंवा मुलीकडे बंगळुरूला बोल्ट सैल झाला, तर या कार्डाशिवाय तिथल्या डॉक्टरांना कोणता पाना चालेल हे शोधत बसावं लागतं.

इम्प्लांटला कीड लागत नाही, पण हिरडीचा आजार लागतो आणि तो खऱ्या दातापेक्षा वेगाने हाड खातो. सुरुवातीला दुखत नाही. ब्रश करताना तिथून रक्त येणं हीच पहिली खूण. रोज रात्री कॅपच्या दोन्ही बाजूंच्या फटीत छोटा इंटरडेंटल ब्रश फिरवा, त्याची तार प्लास्टिकने मढवलेली हवी. दर सहा महिन्यांनी तपासणी आणि वर्षातून एकदा एक्स-रे करून हाडाची पातळी पहिल्या एक्स-रेशी ताडून पाहतात. आधी पायरियाने दात गेले असतील तर तपासणी दर तीन महिन्यांनी.

एमआरआय करायची वेळ आली तर टायटॅनियमची अडचण नसते, पण तिथे सांगून ठेवा. चुंबकाने अडकणारी कवळी असेल तर ती आधी काढावी लागते.

कॅप कधी हातात आली तर ती धुऊन छोट्या डबीत ठेवा आणि त्या बाजूने चावणं बंद करा. बोल्ट दिसला तर तोही जपून ठेवा, तो कुठे तुटला यावरून पुढचं काम ठरतं. फेविक्विकने घरी चिकटवू नका. ती वाकडी बसली की बोल्ट आत मोडतो आणि मोडलेला तुकडा काढताना आतले आटे खराब झाले, तर चांगलं धरलेलं इम्प्लांटही काढावं लागू शकतं.